इनासने लहान अँप्ली का घेतला

परवा आमच्या वाडीत एक लग्न झालं. वाजवायला जो बँड आला होता त्याचे कर्णे कपाटाएवढे. मी मेस्त आहे, म्हणजे सुतार, मापात चुकत नाही. साडेपाच फूट उंच, दोन फूट खोल, आणि लाकूड म्हणाल तर दाबलेला भुसा. पंगतीत वाढपी काय विचारतोय ते कळेना, नुसतं तोंड हललेलं दिसे. मला सोलकढी हवी होती, पानात पडला भात. मी उठलो, त्या पोरांकडे गेलो आणि म्हणालो, आवाज कमी करा. एकजण माझ्या कानाशी येऊन ओरडला, "आजोबा, लोकांना मोठाच लागतो." मी म्हटलं, लोकांना काय लागतं ते इनासला विचार. तो म्हणाला, कोण इनास?

तिथे सांगून ऐकू गेलं नसतं. म्हणून घरी येऊन लिहायला बसलो. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. ऱ्हस्वदीर्घ चुकेल. हकीगत चुकायची नाही.

इनासची पावाची भट्टी मालवणच्या बाजारातून बंदराकडे उतरताना डाव्या हाताला होती. बुटका, मानेने जाड. भट्टीच्या धगीने दोन्ही हातांवरचे केस जळून गेलेले, त्यामुळे हात लहान मुलाच्या हातासारखे गुळगुळीत दिसायचे. बोटांची टोकं मात्र निबर झालेली. गिटार वाजवताना तारा छेडायला त्याला कधी पत्री लागली नाही. खुर्चीवर मी त्याला बसलेला पाहिला नाही. पिठाच्या पोत्यावर बसायचा, आणि गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही. "घे तुझ्या हातान, आणि मोजून घे, माका मोजूचो कंटाळो येता," म्हणायचा. स्वतः पाव खायचा नाही, भाकरी खायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "माझो पाव मी खाल्लंय तर माका बरोच लागतलो. मगे खोट कोण काढतलो?"

त्याची एक सवय होती, वस्तू वाजवून बघायची. पाव भाजला की नाही ते तो रंगावरून बघायचा नाही. उलटा करून बुडाला टिचकी मारायचा आणि कान लावायचा. हळूहळू ती खोड सगळीकडे गेली. नारळाला टिचकी, फणसाला टिचकी, रांजणाला टिचकी. कोणाच्या घरी गेला तर आधी दाराला टिचकी मारून ऐकायचा आणि मग हाक द्यायचा. मी त्याला पीठ मळायची काठवट करून देणार होतो. माझ्या कामठ्यात, म्हणजे सुतारकामाच्या जागी, येऊन त्याने सगळ्या फळ्या वाजवल्या आणि मी काढून ठेवलेल्या सागवानाला म्हणाला, "हो रडता, मेस्ता."

मी म्हटलं, लाकूड मला कळतं.

"लाकूड तुका कळता. रडणा माका कळता."

आठ दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी मी फणसाची काठवट केली. त्याच्या सांगण्यावरून नाही. माझ्याच मनात फणस आला.

गिटारीच्या सहा तारांना त्याने नावं ठेवली होती. सगळ्यात जाड तार म्हणजे पाद्री, कारण ती बोलली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. मधल्या चार शेजाऱ्यांच्या नावांच्या, त्या शेजारी बदलले की बदलायच्या. सगळ्यात बारीक तार म्हणजे मादीन. मादीन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मूल मांडीवर घेणारी धर्माची आई. इनासची मादीन नातालीन त्याच्याच वाडीत राहायची. सुपारीसारखी लहान आणि कडक बाई. "ही तार जरा जास्त पिळली की तुटता," इनास म्हणायचा, "आणि तुटली की तोंडार येता."

आमचा बँड चौघांचा. इनास गिटारीवर. सायमन ट्रम्पेटवर, तो पलटणीच्या बँडमधून पेन्शन घेऊन आलेला. ड्रमवर मी. आणि गाणारा बाबल शिंपी. आमची स्वतःची गाणी नव्हती. सिनेमात जे गाजेल ते आम्ही वाजवायचो. नवीन गाणं आलं की बाबल हॉटेलातल्या रेडिओखाली चहा घेऊन बसायचा. एका चहात एक कडवं त्याला पाठ व्हायचं. जो शब्द ऐकू आला नसेल तिथे तो स्वतःचा घालायचा, आणि त्याचाच बरा असायचा हे माझं मत आहे.

बँडमध्ये एकच दुखणं होतं. गिटार कोणाला ऐकू जायची नाही. माझा ड्रम आणि सायमनचं ट्रम्पेट यांच्यामध्ये इनास वाजवतोय हे आम्हाला त्याच्या हातावरून कळायचं. लग्नात लोक येऊन विचारायचे, "इनास, ही गिटार काय फोटोक धरूक हाडलंस?" तो हसायचा. पण दुसऱ्या दिवशी पाव कडक निघायचे.

गोवा मोकळा झाला आणि जाणं-येणं सोपं झालं. इनास पणजीला गेला, गिटारीच्या पोटावर बसवायचा, तारांचा सूर पकडणारा पिकअप आणला, आणि एका नाचाच्या हॉलमधला जुना अँप्ली आणला. अँप्ली म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा खोका, आत व्हॉल्व आणि पुढे कर्णा. हा खोका केवढा म्हणाल तर आत मी मांडी घालून बसू शकलो असतो. बसलो होतो, कर्ण्याचे स्क्रू आवळताना. रंगाने काळा, उचलायला चार माणसं. बघताक्षणी सायमन म्हणाला, "ह्यो रेडो." आणि तेच नाव पडलं.

रेडा पहिल्यांदा खाडीवर आणला तेव्हा तरवाला होडीतून उतरला, खोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "एकतर माणसा चडतली, नायतर ह्यो. दोगांचा वजन होडी घेवची नाय."

इनास म्हणाला, "तेका पयलो ने. आमका पोवाक येता, तेका येना."

तर रेडा एकटा, नवऱ्यामुलासारखा मधोमध बसून पलीकडे गेला आणि आम्ही चौघे किनाऱ्यावर उभे राहून बघत होतो.

पहिलं लग्न मसुऱ्याचं. तिथे वीज नव्हती. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमावाल्याकडून त्याचं जनरेटर आणलं होतं. मंगलाष्टकं संपली आणि इनासने पहिला हात मारला. आंब्यावरचे कावळे जे उठले ते संध्याकाळपर्यंत खाली बसले नाहीत. भटजींनी वर आभाळाकडे बघितलं. माटवातली एक म्हातारी सुनेला म्हणाली, "सुकत घातलेले कपडे काढ गो." आणि मग लोकांनी जी गर्दी केली. गिटार अशी वाजते हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. इनासकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे खोक्याकडे बघत होते. तो ओठ चावून हसत होता.

दोन वर्षं रेड्याने आम्हाला मिरवलं. तळेऱ्यापासून कसालपर्यंत बोलावणी यायची, आणि बोलावताना लोक आधी विचारायचे, रेडा येणार ना? मी त्याला नवीन कडा बसवल्या, चारी कोपऱ्यांना पितळ मारलं. ते पितळ मी अजून विसरलेलो नाही.

मग आमच्याच वाडीत एका घरी रोस होता.

ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला रोस म्हणायचं. आई लावते, मावश्या लावतात, सगळं गोत लावतं, आणि ते चालू असताना म्हाताऱ्या चटईवर बसून ओव्या म्हणतात. कोणती ओवी कोणाच्या हाताला म्हणायची याचा क्रम असतो. आईच्या हाताची वेगळी, मामाच्या हाताची वेगळी, आणि जे माणूस मेलेलं आहे त्याच्या नावानेही एक असते. तो क्रम सगळ्या वाडीत एकाच बाईला पुरता येत होता, नातालीन मादीनला. बाकीच्या तिच्यामागून धरायच्या.

रोसाला बँड गप्प बसायचा, ही जुनी रीत. पण त्या दिवशी रेडा अंगणात होता, जनरेटर चालू होतं, आणि इनासला वाटलं मादीनला साथ द्यावी. वाईट मनाने नाही. प्रेमानेच. त्याने ओवीची चाल गिटारीवर धरली. मी पण थोडा ड्रम धरला, हे मी लपवत नाही.

दोन ओव्या झाल्या. तिसरीला म्हाताऱ्यांची तोंडं हलत होती, पण माटवात नुसती गिटार होती. मादीन थांबली. तिने हातातली वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उठली. इनासने हात थांबवला.

"गा तू," ती म्हणाली. "तुझो रेडो बरो गाता. माझी खंय गरज आसा?"

"मादीन, मी तुका साथ दिलंय."

"साथ? माझ्या कानात माझोच आवाज येय नव्हतो. खंयची ओवी म्हणतंय ता माकाच कळना. त्या चेडवाच्या मेलेल्या बापाशीची ओवी रवली, ती तुझ्या गोंधळात गेली." आणि मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आजपासून मी रोसाक गावचंय नाय. म्हातारी मेली म्हणान समजा."

ती घरी गेली. नवरी रडायला लागली. तिच्या आईने इनासला काही बोल लावला नाही, पण त्या दिवशी कोणी आम्हाला जेवायला थांबा असं दोनदा म्हटलं नाही.

पुढचे दोन रोस ओव्यांशिवाय झाले. बायका बसायच्या, एकमेकींकडे बघायच्या, एखादी सुरू करायची आणि चुकायची. इनास रोज पाव घेऊन मादीनच्या दारात जायचा. ती पाव घ्यायची, बोलायचीही, पण ओवीचं नाव काढलं की आत जायची. आणि तिच्या नातीचं, रोझीचं, लग्न ठरलं. उपासाचे चाळीस दिवस संपले की पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतर. रोझी भट्टीत येऊन इनासला म्हणाली, "मामा, माझ्या रोसाक आजी गावक होयी. तुमीच तिका गप केलास, तुमीच तिका बोलयतलास." आणि रोजचे पाव न घेताच गेली.

इनासने त्या दिवशी एकाही पावाला टिचकी मारली नाही. संध्याकाळी आम्हा तिघांना बोलावून म्हणाला, "रेडो दिवया. लहान अँप्ली हाडूया."

बाबल म्हणाला, "आवाज कमी करूचो बटन आसा मरे त्येका."

"कमी केलो तर तो बोलणाच नाय, पुटपुटता. मोठ्याक लहान करूक गेला तर तो रुसान बसता. जो मुळातच लहान आसा तो होयो."

हे खरं होतं. रेडा पाव भाग उघडला तर आवाज कोरडा यायचा, आणि अर्धा उघडला तर कावळे उठायचे. मधे काही नव्हतं.

कुडाळला एक रेडिओवाला होता. एसटीने आम्ही तिघे गेलो, इनास, बाबल आणि मी. सायमन आला नाही, तो म्हणाला आपण फक्त मोठ्या गोष्टी विकत घ्यायला जातो. दुकानदार भला माणूस. तीन अँप्ली त्याच्याकडे होते. सगळ्यात मोठ्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, पार्टीला हा घ्या. कसालच्या तिठ्यावर वाजवलात तर ओरोसला ऐकू जाईल."

इनास दुकानात गेला की शुद्ध बोलायचा, शब्द मोजून. म्हणाला, "मला ओरोसला वाजवायचं नाही. मला अंगणात वाजवायचं आहे. हे तिन्ही मागच्या अंगणात मांडा."

दुकानदाराने कुरकुरत मांडले. मागच्या अंगणात त्याची आई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. पाखडता पाखडता काहीतरी जुनं गुणगुणत होती. इनास एकदा तिच्याकडे बघून थांबला, आणि मग गिटार मोठ्या अँप्लीला जोडली.

पहिला हात मारला आणि म्हातारीचं सूप थांबलं. तिने कानात बोट घातलं.

दुसरा, मधला. त्याला सागवानी खोका होता, सांधे खाचेचे, काम अव्वल. म्हातारीने थोडा वेळ आवाज चढवला, मग सोडून दिला. नुसतं सूप चालू राहिलं.

तिसरा लहान. शाळेच्या पेटीएवढा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. इनासने हळू सुरू केलं आणि बटण एकेक रेघ वर नेत गेला. म्हातारीचं गुणगुणणं चालूच. बटण शेवटच्या रेघेला टेकलं. गिटार स्वच्छ ऐकू येत होती, जरा मधाळ झाली होती, आणि सूप ऐकू येत होतं, आणि म्हातारीही. इनासने तिच्याच गुणगुणण्याची चाल धरली. ती मान न वळवता म्हणाली, "बाळा, कोण वाजयता रे तो? बरा वाजयता."

"हा बांधा," इनास दुकानदाराला म्हणाला.

बाबलच्या तोंडचं पाणी पळालं. "इनास, ह्या काय? माझी शिवणाची मशीन येच्यापेक्षा मोठ्यान बोलता. लोक हसतले."

"हसांदेत. हसलेला पण आयकूक येवक होया."

मी मधल्याच्या बाजूने होतो. आजही म्हणेन, मधला चांगला होता. पण माझं मत लाकडाचं होतं.

रेडा सिनेमावाल्याने घेतला. त्याच्या तंबूत तो शोभला. जाताना मी पितळी कोपरे काढून घेणार होतो, इनास म्हणाला, "रवांदे, मेस्ता. लेकीचे दागिने कोण काढून घेता?" मी ठेवले.

पुढे खरी गंमत. नवीन अँप्ली इनास एका हाताने उचलायचा, पण बॅटरी दोघांना लागायची. ती भाताच्या गिरणीत नेऊन भरून आणावी लागे, आणि गिरणीवाला म्हणायचा, आधी भात, मग गाणं. पण त्याहून मोठी अडचण ही की अँप्ली लहान झाला म्हणजे आम्ही सगळ्यांनीच लहान व्हायला हवं होतं. इनासने माझ्या ड्रमवर टॉवेल टाकला. ओला. मी दहा वर्षं ज्या ड्रमवर हात बसवला त्यावर माझ्यादेखत आंघोळीचा टॉवेल. मी काठ्या खाली ठेवून घरी गेलो. तिसऱ्या दिवशी परत आलो, पण टॉवेल मी माझ्या घरचा आणला. त्याचा मी वापरणार नव्हतो.

सायमनच्या ट्रम्पेटच्या तोंडात घालायला इनासने नारळाची करवंटी आणली. सायमन म्हणाला, "मी सायबांसमोर वाजयललंय. करवंटीत्सून वाजवचंय नाय." करवंटी बसत नव्हती, आत गडगडायची. ते मला बघवेना. मी ती घासून, कडा उतरवून, तीन बुचाचे तुकडे लावून अशी बसवली की सायमनला वाजवून बघायचा मोह आवरला नाही. त्याने एकदा फुंकलं आणि भुवया वर गेल्या. जो आवाज आला तो लांबून, पाण्यावरून आल्यासारखा. मग ती करवंटी तो खिशात घेऊन फिरायला लागला आणि कोणाला हात लावू देईना.

बाहेर मात्र आमचं हसं झालं. दुसऱ्या बँडवाल्यांनी आम्हाला 'मुको बँड' नाव ठेवलं. कसालचं एक लग्न हातचं गेलं, मग तळेऱ्याचं. बाबल भडकला. भट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, "एका म्हातारेसाठी आमी चौगे मुके जावचे? आणि ती गातली ह्येची खात्री काय?"

इनास पोत्यावर बसून पीठ झाडत होता. म्हणाला, "खात्री नाय. पण माका तिणा मांडयेर घेतल्यान तेव्हा मी कितीसो बोंबललंय आसन. तिणा आयकून घेतल्यान. आता ती गप आसा, ता माका आयकवणा नाय."

 बाबल दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेच्या आधी आला.

रोझीचा रोस. उन्हं उतरली होती. नारळाच्या झापांचा माटव, खाली शेणाने सारवलेलं अंगण, मधे पाटावर रोझी. आम्ही एका कोपऱ्यात, अँप्ली केळीच्या आडोशाला. लोकांना तो दिसलाही नाही. काहींनी विचारलं, रेडा कुठे? कोणी म्हणालं, मेला.

मादीन आली. आजी म्हणून पहिला हात तिचाच. तिने वाटीतून रस घेतला, रोझीच्या कपाळाला लावला, आणि चटईवर जाऊन बसली. ओठ मिटलेले. बायका तिच्याकडे बघत होत्या. रोझी तर मान वर करून बघत होती, रस डोळ्यात उतरत होता तरी पुसत नव्हती.

इनासने आईच्या ओवीची चाल सुरू केली. एक ओळ वाजवली, थांबला. दुसरी ओळ त्याने रिकामी सोडली. कोणी धरली नाही. मादीन जमिनीकडे बघत होती.

त्याने पुन्हा तीच ओळ वाजवली, पुन्हा थांबला. कोणी नाही. मागे चुलीवर भाताचं झाकण खडखडत होतं ते ऐकू येत होतं.

तिसऱ्या वेळी इनास थांबला नाही. दुसरी ओळ स्वतःच वाजवली आणि चुकीची वाजवली. जिथे खाली यायचं तिथे वर गेला. मी चमकून बघितलं, कारण ती चाल त्याला झोपेत येत होती. त्याने तोंड असं केलं होतं की जणू बरोबरच वाजवतोय, आणि तीच चूक पुन्हा केली.

"तसा न्हय रे, मेल्या," चटईवरून आवाज आला. आणि पाठोपाठ, कशी ओळ ती दाखवायला म्हणून,

"नारळाचो रोस गो बाये, कपाळाक लावलो,
आवयचो हात गो बाये, थंयच रवलो."

बायकांनी मागून धरली. आता सोडायला मादीनला वाटच नव्हती. आईची झाली, मावशीची झाली, मामाची झाली. मी टॉवेलावर बोटांनी ताल धरला होता. सायमन करवंटीतून एखादाच सूर सोडत होता. बाबल, ज्याला सगळी गाणी येतात, तो बायकांच्या मागे उभा राहून ओव्या शिकत होता. रोझी हसत होती आणि रडत होती. गेलेल्या आजोबांच्या नावाची ओवी आली तेव्हा मादीनचा आवाज जो चढला, मी त्या वयाच्या माणसाचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता. ती मधेच इनासकडे बघून म्हणाली, "वाडय रे जरा. तू माका आयकूक येनस नाय."

इनासने बटणाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "पुरो उगडलंय, मादीन. ह्येच्या फुडे तो जायना."

सगळा माटव हसला. मादीन पण. "मगे मीच कमी करतंय," ती म्हणाली, पण केलं नाही.

इनास मुद्दाम चुकला की काय हे मी त्याला पुढे खूपदा विचारलं. तो म्हणायचा, "माझी बोटां पिठाची, मेस्ता, कधी कधी घसरतत." मुद्दामच चुकला होता. मी शेजारी होतो.

त्यानंतर 'मुको बँड' हे नाव मागे पडलं. आधी ख्रिस्ती वाड्यांतून, मग हिंदूंच्या घरांतून बोलावणी यायला लागली, कारण रुखवताच्या गाण्यांना, हळदीच्या गाण्यांना, आमच्या बँडपुढे बायकांना गाता येतं हे पसरलं. सिनेमाची गाणी आम्ही वाजवायचोच, पण लोक आता बाबलबरोबर गायचे, आणि चुकीचे शब्द सगळ्या तालुक्याला पाठ झाले.

तीन वर्षांनी इनासला बोटीवरच्या बँडची नोकरी लागली. परदेशी जाणारी मोठी बोट, तिच्यावर रोज संध्याकाळी वाजवायचं. भट्टी त्याने भावाला दिली. अँप्ली बाबलला दिला. त्यासाठी आधी मुंबई गाठायची, आणि मुंबईची आगबोट मालवणच्या बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यायची. सकाळ होती, समुद्र निवांत. अर्धी वाडी धक्क्यावर. इनास गिटार फडक्यात बांधून पडावात चढला. मादीन रोझीचा हात धरून आली होती, रोझीच्या काखेत मूल.  पडाव सुटला आणि मादीनने ओवी सुरू केली. रोसाची नव्हती. मी ती आधी ऐकलेली नव्हती, घरी बसून नवीन जुळवली असावी, कारण त्यात भट्टी होती आणि बोट होती. बायकांनी मागून धरली.

पडाव वल्ही मारत निघाला. इनास उभा राहिला.

"बस रे," तांडेल ओरडला. "पडाव कलता."

इनास उभाच. बाकीचे उतारू बोचकी धरून त्याच्यावर ओरडत होते, तांडेल त्याचा सदरा ओढत होता, आणि तो एक हात कानामागे धरून, पाय फाकवून, पाठ आगबोटीकडे आणि तोंड आमच्याकडे करून उभा होता. ओवी लांबत गेली तसा पडाव लांब गेला. तो बसलेला मी काही बघितला नाही.